मदत हवी आहे: घोडीला कागद नाहीत, चिपही नाही. आधी काय करायचं?

वैतागलेला_वाघ
घोडीचे कागद, म्हणजे तिचा ओळखीचा पासपोर्ट, काढायचा आहे. मानेत टोचतात ती ओळखीची चिप नाहीये. एका ठिकाणी फोन केला तर म्हणे आधी चिप बसवा, मग अर्ज करा. दुसरीकडे म्हणे आधी अर्ज मागवा. कोणाचं खरं मानायचं? शनिवारी ट्रेलर ठरवलाय, तिला दुसऱ्या कुरणात हलवायचंय, त्याच्या आत हे उरकायला हवं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. गूगल मलाही येतं.

खोगीरभरती
जवळच्या सरकारी दवाखान्यात जा की. आमच्या गाईंच्या कानात पिवळा बिल्ला मारून गेले. पाच मिनिटांचं काम.

रिकीब
गाईच्या बिल्ल्याचा इथे काय संबंध?
वाघोबा, घोडी कोणत्या जातीची? थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, असेल तर पुण्याची स्टड बुक अथॉरिटी, पण आई-बाप नोंदलेले नसतील तर तो दरवाजा बंद. मारवाडी असेल तर तिची संस्था वेगळी. जात, वय, कुठून घेतली, यातलं काहीच लिहिलं नाहीस आणि घाई मात्र शनिवारची.

वैतागलेला_वाघ
जात माहीत नाही. पॉनी आहे, साडेबारा हँड (एक हँड म्हणजे चार इंच) उंच, तांबूस अंग, काळी आयाळ. आणि मी इंग्लंडमध्ये राहतो, ते लिहायचं राहिलं.

रिकीब
ते राहिलं! म्हणजे माझा अर्धा तास पाण्यात.

सातासमुद्रापार
मी इंग्लंडमध्येच आहे, दोन घोड्यांचं केलंय. क्रम सांगते. आधी चिप. चिपचा पंधरा आकडी क्रमांक अर्जात लागतो, म्हणून. दुसऱ्या माणसाने अर्ज आधी मागवायला सांगितला तोही चूक नाही, कारण घोड्याच्या अंगावरच्या खुणांचं रेखाचित्र त्याच अर्जातल्या पानावर असतं आणि चिप बसवायला येणारा पशुवैद्यच ते बहुतेक वेळा भरतो. तेव्हा कोरा अर्ज मागवून ठेव, डॉक्टर आले की चिप आणि चित्र एकाच फेरीत होईल, मग अर्ज धाडून दे. इथे घोड्याला चिप फक्त पशुवैद्यच बसवू शकतो. स्वतः सुई हातात घेऊ नकोस.
१ ऑक्टोबर २०२० पासून इंग्लंडमध्ये सगळ्याच घोडे, पॉनी, गाढवांना चिप सक्तीची आहे. कौन्सिलने पकडलं तर २०० पौंडांपर्यंत दंड.
आणि शनिवारचा ट्रेलर रद्द कर. गाडीतून नेताना पासपोर्ट सोबत लागतो. तातडीच्या उपचारासाठी नेत असशील तर गोष्ट निराळी.

लिंबूटिंबू
चिप बसवली की घोडा मोबाइलवर दिसतो ना? मग चोरीची भीतीच नको.

पशुवैद्य_पण_रजेवर
नाही दिसत. चिपमध्ये बॅटरी नसते. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची कुपी, आत नुसता क्रमांक. स्कॅनर मानेजवळ धरला की त्याच्या १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरींवर ती जागी होते, क्रमांक सांगते, पुन्हा झोपते. हातभर लांबून विचारलंत तरी गप्प.
घोड्याच्या मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या थोडं खाली, डोकं आणि खांदा यांच्या मधोमध, तिथल्या जाड स्नायुबंधात बसवतात. तिथे ती सहसा सरकत नाही. तरी नवी टोचण्याआधी मानेच्या दोन्ही बाजू स्कॅन करून घ्या. "चिप नाहीये" हे तुम्हाला कोणी सांगितलं? स्कॅनर लावला होता का?

वैतागलेला_वाघ
नाही लावला. कागद नाहीत म्हणजे चिपही नसणार ना?

पशुवैद्य_पण_रजेवर
असं काही नसतं. कागद हरवतात, चिप हरवत नाही.

गोठणखूण
चिप-बिप सोडा, फ्रीझ ब्रँडिंग करा. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेला शिक्का लावला की त्या जागेचे केस पांढरे उगवतात. लांबून दिसतं, चोर हात लावत नाही. चिप बघायला चोर स्कॅनर घेऊन येतो का?

सातासमुद्रापार
शिक्का हौसेने मारा, पण त्याने चिपची सक्ती टळत नाही. त्याने विचारलंय कागदांचं.

गोठणखूण
विचारलं नाही म्हणून सांगूच नये का? माझ्या मित्राच्या घोड्याला चिप होती आणि घोडा गेलाच. शिक्का असता तर गेला नसता.

रिकीब
मी तर डीएनए करून घेईन. आयाळीचे मुळासकट पाच-पंचवीस केस उपटून पाठवायचे. जात तरी कळेल.

पशुवैद्य_पण_रजेवर
जातीचा अंदाज कळेल, आई-बाप नाही. आई-बापांचे नमुने कुठेतरी नोंदलेले असतील तरच जुळवणी होते. शिवाय ओळखपत्रापुरता पासपोर्ट घ्यायला जात लागतच नाही. "अज्ञात" लिहिलेलं चालतं.

मीमांसक_मावशी
मी घोड्याच्या वाटेला कधी गेले नाही, पण एक खटकतंय. जात माहीत नाही, वय सांगत नाहीस, कुठून आणली हे रिकीबने विचारलं त्याला तीन दिवस झाले. बाळा, घोडी तुझीच आहे ना?

वैतागलेला_वाघ
मावशी, चोरलेली नाही हो! आम्ही चार महिन्यांपूर्वी कुरणासकट घर भाड्याने घेतलं. आधीचा भाडेकरू गेला आणि घोडी मागेच राहिली. घरमालक म्हणाला, ठेवा तुम्हीच. मुलीला लळा लागला. आता घरमालकाला कुरण विकायचंय म्हणून हलवायची. खाणं, खुरं, सगळा खर्च मीच करतोय, मग माझीच नाही का?

सातासमुद्रापार
अरे, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!
खर्च केला म्हणून मालकी येत नाही, आणि पासपोर्ट हा मालकीचा पुरावा मुळीच नाही. पासपोर्टावर तसं छापलेलंच असतं. घरमालकाच्या "ठेवा" या शब्दाला किंमत नाही, कारण घोडी त्याचीही नव्हती.
सोडून दिलेल्या घोड्यांसाठी इथे २०१५ चा कंट्रोल ऑफ हॉर्सेस ॲक्ट आहे. जागेचा ताबा असलेल्याने घोडा अडवून ठेवला तर २४ तासांत पोलिसांना कळवायचं, मालक ठाऊक असेल तर त्यालाही. कामकाजाचे चार दिवस कोणी न्यायला आलं नाही तर घोडा ताब्यात घेणाऱ्याचा होतो. तू चार महिने कोणालाच कळवलं नाहीस, त्यामुळे तुला हे आपोआप लागू होईल असं समजू नकोस. पण तुझ्या बाबतीत मालक कोण ते माहीत आहे. घरमालकाकडून त्याचा नंबर घे, घोडी तुला दिल्याचं दोन ओळींत लिहून माग. कायदा काढायची वेळच येणार नाही.

खोगीरभरती
एवढा व्याप? नुसता पासपोर्ट काढून मोकळा हो. कोण विचारतंय?

मीमांसक_मावशी
जुना मालक विचारेल. तुझी वस्तू अशी कोणी चार महिने वापरली असती तर तू नसतं विचारलंस?

लिंबूटिंबू
घोड्याला पासपोर्ट लागतोच कशाला? त्याला काय परदेशी जायचंय?

सातासमुद्रापार
औषधांसाठी मुख्यतः. घोड्यांचं नेहमीचं वेदनाशामक, फिनाइलब्युटाझोन, हे माणसाच्या खाण्यात येणाऱ्या जनावराला द्यायला बंदी आहे. म्हणून प्रत्येक घोडा खाद्यसाखळीत आहे की बाद, ते पासपोर्टात लिहिलेलं असतं.

लिंबूटिंबू
थांबा. घोडा खातात??

रिकीब
युरोपात बऱ्याच ठिकाणी खातात. २०१३ साली बीफ म्हणून विकलेल्या बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडलं होतं, आयर्लंडच्या तपासणीतून ते बाहेर आलं. त्यावरून गदारोळ झाला तेव्हा टीव्हीवर महिनाभर तेच चाललं होतं.

लिंबूटिंबू
मी त्या वर्षी लंडनला गेलो होतो. बर्गर खाल्ला होता. आता काय करू?

मीमांसक_मावशी
एव्हाना पचला असेल. धागा वळवू नकोस.

वैतागलेला_वाघ
अपडेट. ट्रेलर रद्द केला, पैसे बुडाले. जुन्या भाडेकरूशी बोलणं झालं, माणूस साधा आहे, ओशाळला बिचारा. घोडी दिल्याचा मेल पाठवलाय. पण पुढे म्हणाला, तिचा पासपोर्ट होता, घर बदलताना कुठेतरी गेला. चिप नव्हतीच. पासपोर्ट असून चिप नाही, असं कसं? आता मी नवीन काढू की नको?

पशुवैद्य_पण_रजेवर
घोडी वयस्कर असणार. तिथे नव्या पासपोर्टासोबत चिपची सक्ती जुलै २००९ मध्ये आली. त्याआधी नुसत्या रेखाचित्रावर पासपोर्ट मिळायचा. राहिलेल्यांना २०२० च्या नियमाने गाठलं. दात बघून घ्या, अर्थात या वयात दातांवरून अंदाजच कळतो.

सातासमुद्रापार
नवीन अजिबात काढू नकोस! एका घोड्याला दोन पासपोर्ट हा गुन्हा आहे. हरवलेल्याची दुय्यम प्रत मूळ ज्या संस्थेने दिला तीच देते. तो कोणत्या संस्थेचा होता ते त्याला विचार. लस टोचणाऱ्या जुन्या डॉक्टरांच्या दप्तरातही नोंद असू शकते. मूळ नोंद कुठेच सापडली नाही तर दुसरी संस्था बदली पासपोर्ट देते, त्यात ती खाद्यसाखळीतून कायमची बाद होते. तुला त्याने फरक पडत नसावा.

वैतागलेला_वाघ
मुलीसमोर हा विषय काढू नका, ती इथे वाचते.
आज डॉक्टर येऊन गेले. दोन्ही बाजू स्कॅन केल्या, काही नाही. डावीकडे चिप टोचली, घोडीने कानही हलवला नाही. खरा वेळ गेला चित्रात. कपाळावरचा टिळा, मागच्या उजव्या पायाचा पांढरा मोजा, आणि भोवरे. प्रत्येक भोवरा कुठे आहे, शोधून काट मारायची. कपाळावर दोन निघाले, एकाखाली एक.

खोगीरभरती
कपाळावर दोन भोवरे?? आमच्याकडे असला जोड बघितला की लोक सौदाच मोडतात. परत दे तिला.

पशुवैद्य_पण_रजेवर
उलट तुमची सोय झाली. बिनठिपक्याच्या, एकरंगी घोड्याला भोवऱ्यांवरूनच ओळखतात. भोवरा जन्मभर जागा सोडत नाही. जुन्या पासपोर्टाच्या चित्रातही हे दोन काट असणारच, तेव्हा दप्तरातून कागद निघाला तर जुळवायला तेवढे पुरेत.

वैतागलेला_वाघ
जुन्या भाडेकरूला संस्थेचं नाव आठवत नाही, पण पासपोर्टाचं कव्हर हिरवं होतं म्हणतो. हिरव्या कव्हरवरून कोणाला काही सांगता येईल का?

गोठणखूण
शिक्का असता तर एवढं शोधावं लागलं नसतं.