वंशावळ वाटा, पण हयात माणसांना विचारून

पूर्ण वंशावळ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: गेलेल्यांची खुशाल टाका, हयात माणसांची विचारल्याशिवाय नको.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात आजोबांनी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने काढलेली वंशावळ होती. तिचा फोटो मी कौतुकाने ग्रुपवर टाकला. एका नावापुढे बारीक अक्षरात ‘दत्तक’ लिहिलेलं. ते ज्यांचे वडील, त्या आत्याला आपले वडील दत्तक होते हे सत्तराव्या वर्षी फोनवर कळलं. फोटो मी लगेच काढला, पण तोवर तो कुठे कुठे गेला होता. गेलेल्या माणसाची नोंदही जिवंत माणसाला लागते, हे तेव्हा समजलं.

आता माझ्याकडे दोन प्रती आहेत. वाटायच्या प्रतीत हयात व्यक्तीचं नुसतं नाव, तेही होकार असेल तरच. नाहीतर ‘मुलगी, हयात’ एवढंच. जन्मतारीख, पत्ता, आईचं माहेरचं आडनाव अजिबात नाही. हे आडनाव बँकांच्या सुरक्षा प्रश्नात विचारलं जातं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवरही हयात व्यक्तींची माहिती सगळ्यांना दिसत नाही.

जात पडताळणीसाठी वंशावळ मागणारे भाचे-पुतणे असतातच. त्यांना नाही म्हणू नका. तिथे वडिलांकडची शाखा लागते, तेवढीच काढून द्या. दाखले मात्र ज्याचे त्याने द्यावेत. दुसऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला मी त्याला फोन केल्याशिवाय पुढे पाठवत नाही.