सिकलसेल: पानथरी काढल्यावर रक्ताच्या अहवालात काय बदलते?

प्रश्न (एक पालक, चंद्रपूर जिल्हा)

माझा मुलगा ११ वर्षांचा असून त्याचा एसएस पॅटर्न आहे (आई-वडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक आले आहे). पानथरी (प्लीहा) बेंबीपर्यंत वाढली आहे आणि वर्षभरात चार वेळा रक्त चढवावे लागले. हिमोग्लोबिन एरवी ७.५ च्या आसपास असते, ते दोनदा अचानक ५ च्या खाली गेले. प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) ८०,००० च्या वर जातच नाहीत. डॉक्टरांनी पानथरी काढण्याचा सल्ला दिला आहे. सिकलसेलमध्ये ती लहानपणीच सुकते असे वाचले होते, मग याची एवढी मोठी कशी? आणि काढल्यावर कोणते आकडे सुधारतील?

उत्तर १ (पॅथॉलॉजी विभागात काम करणारी डॉक्टर, नागपूर)

लहानपणीच पानथरी सुकण्याचे वर्णन मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचे आहे. आपल्याकडील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, बहुधा जास्त टिकून राहते, त्यामुळे पानथरी उशिरापर्यंत शाबूत राहते आणि पुष्कळदा वाढते. अशी पानथरी लाल पेशींबरोबर प्लेटलेट्सही अडकवून ठेवते. तुमच्या मुलाचे दोन्ही आकडे त्यामुळेच एकत्र खाली आहेत.

शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट्स काही दिवसांतच चढतात आणि पुष्कळदा ४.५ लाखांच्या पुढे जातात. पांढऱ्या पेशीही कायमच्या थोड्या वाढलेल्या राहतात, म्हणून पुढे त्या आकड्याची तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या अहवालांशीच करावी. हिमोग्लोबिन काहीसे वाढते आणि रक्त चढवण्याची गरज बरीच कमी होते. मात्र हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचे सदोष हिमोग्लोबिन, तेवढेच राहते. पेशी वाकून फुटणे चालूच असल्यामुळे एलडीएच, बिलिरुबिन (दोन्ही पेशी फुटल्यावर वाढतात) आणि रेटिक्युलोसाइट्स (नव्याने बनलेल्या अपक्व लाल पेशी) पूर्णपणे सामान्य होतील अशी अपेक्षा ठेवू नये, आणि हाडांच्या दुखण्याचे झटकेही पानथरी काढल्याने थांबत नाहीत.

आत्ताच्या स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या तपासणीत) हॉवेल-जॉली बॉडीज दिसतात का, हे अवश्य विचारा. लाल पेशीत उरलेले केंद्रकाचे हे तुकडे निरोगी पानथरी वेचून काढते. ते आधीच दिसत असतील, तर एवढी मोठी पानथरीही आपले काम नीट करत नाही असे समजावे.

उत्तर २ (एक आई, गोंदिया)

दादा, माझ्या मुलीची पानथरी ती ९ वर्षांची असताना काढली. प्लेटलेट्स ७ लाखांवर गेल्याचे पाहून मी घाबरले होते, पण डॉक्टरांनी लक्ष ठेवले आणि त्या हळूहळू उतरल्या. आधी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत का तेही पाहून घ्या; तिचे खडे त्याच वेळी काढले गेले.

प्रश्नकर्ता

ताई, लसी आधी घ्यायच्या की नंतर?

उत्तर १ (तीच डॉक्टर)

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जिवाणूंवरील लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण कराव्यात. त्यानंतर पेनिसिलिन डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चालू ठेवावे. ताप आल्यास सकाळपर्यंत वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण पानथरी नसताना जंतुसंसर्ग काही तासांतच प्राणघातक ठरू शकतो. आपल्या भागात मलेरिया आहे आणि तोही अशा मुलांत गंभीर होतो, म्हणून प्रत्येक तापात त्याची तपासणी करून घ्यावी. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचे झटके कमी करणारे औषध) प्लेटलेट्स कमी असल्यामुळे थांबवले असेल, तर संख्या वाढल्यावर ते पुन्हा सुरू करता येईल का, हेही विचारावे.