बोटभर झोटिंगाचे फोटो कसे काढावेत?

मुंजावाली: पॉलिमर क्लेची भुतं करते. वेताळ, झोटिंग, उलट्या पायांची हडळ. उंची जेमतेम चार इंच. हातात घेतली की लोक दचकतात, फोटोत मात्र तीच भुतं रुखवतातल्या बाहुल्या वाटतात! मोबाइलच आहे, कॅमेरा नाही. शिवाय इन्स्टावर टाकलं की कुणीतरी उचलून स्वतःच्या नावावर खपवतं, त्याचं काय?

जुना रोलवाला: वरून काढत असणार तुम्ही. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स टेबलाजवळ येते, आणि झोटिंगाच्या गुडघ्यापासून वर बघा. फ्लॅश बंद. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला काळा कार्डपेपर. अर्धा चेहरा अंधारात गेलाच पाहिजे. फार जवळ जाऊ नका, मागे सरकून दोनपट झूम करा, नाहीतर नाक तेवढं फुगतं. काळं मागे असलं की मोबाइल आपणहून उजेड वाढवतो, तो स्क्रीनवर बोट टेकवून खाली ओढा.

पेणकर: डोळ्यांना चकचकीत व्हार्निश, बाकी अंगाला मॅट. गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, हात बसलेल्या माणसाकडेच देतात.

मुंजावाली: खिडकीचं केलं. हडळीची नखं एकदाची दिसली! आणि चोरीचं?

जुना रोलवाला: १९५७च्या कायद्याने कलाकृती घडली की कॉपीराइट तुमचाच, नोंदणीची सक्ती नाही. तारेचा सांगाडा, अर्धवट चढवलेली क्ले, सगळ्याचे फोटो तारखेसकट जपा. चोराकडे ते नसतात. वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरचं तुमचं पुसट नाव, कोपऱ्यात नको, कापून टाकतात. भुताच्या पोटावर घाला.

पेणकर: वेताळ कितीला?