मदत हवी आहे: घसरगुंडीवर चढतो, पण खाली येत नाही!

निंबोणी:
लवकर सांगा कोणीतरी, संध्याकाळी परत न्यायचंय. कमला नेहरू पार्कात लेक घसरगुंडीची शिडी भराभरा चढतो, वर कठडा घट्ट धरून बसतो आणि मग ढिम्म हलत नाही. मागे पोरांची रांग, त्यांच्या आया माझ्याकडे बघतात. उचलून उतरवलं की भोकाड. काय करू?

मु_पो_दादर:
घसरगुंडी हवीच कशाला? म्हातारीच्या बुटात चढवा. पोरं खूश, वरून चौपाटीही दिसते.

निंबोणी:
अहो, पुण्यातलं! प्रभात रोडजवळचं.

कोथरूडकर:
वय काय लेकाचं? ते तरी लिहा.

चहाबाज:
वयाचं काय त्यात? मांडीवर घ्या आणि दोघं मिळून घसरा. आमची कन्या अशीच शिकली.

हाडवैद्यीण:
मांडीवर अजिबात नको! मुलाचा बूट कडेला अडकतो, पाय तिथेच राहतो आणि आपलं वजन त्याला पुढे रेटतं. नडगीचं हाड मोडतं. एकटं घसरताना पाय अडकला तर मूल बहुतेक वेळा तिथेच थांबतं, अंगात वजनच नसतं.

चहाबाज:
काय घाबरवता हो! आम्ही सिमेंटच्या हत्तीच्या सोंडेवरून घसरलो, पडलो, काही झालं नाही.

हाडवैद्यीण:
कुणाच्या मांडीवर बसून घसरला होतात का?

निंबोणी:
अडीच वर्षांचा आहे. घसरगुंडी ती नळीवाली.

कोथरूडकर:
नळीवाली! मग आधी सांगायचं ना. आत अंधार, पलीकडचं टोक दिसत नाही, अडीच वर्षांचं पोर जाईल कसं? बुटक्या, उघड्या घसरगुंडीवर न्या. पालथा झोपवा, पाय खाली, आणि तुम्ही पायथ्याशी थांबा. आणि सकाळी जा, रांग नसते. दुपारी चारला उन्हात पत्रा तापलेला असतो, प्लॅस्टिकही चटके देतं. आधी हात लावून बघा.

जुना_पुणेकर:
घसरगुंडी सोडा, पेशवे पार्कात फुलराणी आगगाडीत बसवा. १९५६ पासून धावतेय. पूर्वी तिथे प्राणीही होते, ते कात्रजला नेले.

चहाबाज:
प्राण्यांचं कुणी विचारलं?

निंबोणी:
पालथं करून बघते. पण मागच्या आयांचं काय करू, ते कुणीच सांगितलं नाही.

हाडवैद्यीण:
"त्याला भीती वाटतेय, दोन मिनिटं" म्हणा आणि उचला. भोकाड बाकावर बसून ऐका, शिडीवर नको.

जुना_पुणेकर:
कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं बरं का.