सोसायटी ग्रुप: १८७९ सालचं सिझर

बी-१०४ काका: सकाळचं फॉरवर्ड बघितलंत का, आफ्रिकेत म्हणे पूर्वी सिझर व्हायचे. काहीही हां. गोरे गेले नसते तर तिकडे कोणाला साधी पट्टी बांधता आली नसती

सी-७०२: काका, गोऱ्यानेच लिहून ठेवलंय ते 😄

ए-३०२ डॉक्टरताई: फॉरवर्ड मी वाचलं नाही, पण केस खरी आहे. १८७९, बुन्योरोचं राज्य, म्हणजे आत्ताच्या युगांडातला भाग, गाव काहुरा. रॉबर्ट फेल्किन नावाचा इंग्रज मिशनबरोबर तिकडे गेलेला, वैद्यकी शिकलेला, तो समोर उभा होता. १८८४ ला एडिंबरा मेडिकल जर्नलमधे चित्रांसकट छापलंय

बी-१०४ काका: एखादी वाचली असेल नशिबाने

ए-३०२ डॉक्टरताई: नशीब हात धुतं का काका? ऑपरेशन करणाऱ्या तिथल्या माणसाने आधी केळ्याची दारू आणि मग पाणी घेऊन स्वतःचे हात धुतले, बाईचं पोट धुतलं, आणि तीच दारू तिला पाजून अर्धवट गुंगीत ठेवलेली. वीसेक वर्षांची पोरगी, पहिलटकरीण. लिस्टर या ब्रिटिश सर्जनने ऑपरेशनमधे जंतुनाशक वापरायचं सांगितलं १८६७ ला, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं युरोपातले मोठमोठे सर्जन मानायला तयार नव्हते.
हो, मंत्रही पुटपुटला तो, खोटं कशाला सांगू

सी-७०२: आणि रक्तस्राव?

ए-३०२ डॉक्टरताई: मदतनीस तापलेल्या लोखंडाने रक्त येणाऱ्या जागा डागत होता. बाळ काढलं, नाळ कापली, की लगेच सुरी टाकून दोन्ही हातांनी गर्भपिशवी दाबून धरली, आकुंचन पावावी म्हणून, मग वार काढली. पिशवीला टाके नाही घातले. पण ते युरोपातही रीतसर सुरू झालं सेंगर या जर्मन डॉक्टरने १८८२ ला लिहिल्यावर, त्याआधी तिकडे सिझर म्हणजे बहुतेक बाई गेलीच. मग काहुरात तिला कुशीवर वळवून पोटातलं पाणी बाहेर जाऊ दिलं, सात घासून गुळगुळीत केलेल्या लोखंडी सुया आरपार घालून झाडाच्या सालीच्या दोऱ्याने जखम बांधली, वर दोन मुळ्या चावून केलेला लगदा आणि गरम केलेलं केळीचं पान. चावून लगदा हे मात्र माझ्या ऑपरेशन थिएटरमधे चालणार नाही 🙏

ए-५०१ आजी: अगं पण बाळाला पाजलं कधी?

ए-३०२ डॉक्टरताई: दोन तासांनी आजी. तिसऱ्या दिवशी एक सुई काढली, पाचव्याला तीन, सहाव्याला उरलेल्या. अकराव्या दिवशी जखम भरलेली

ए-५०१ आजी: आमच्या वेळी टाके काढायलाच आठवडा लागायचा

सी-७०२: म्हणजे पहिल्यांदा करणाऱ्याचं काम नाही हे

ए-३०२ डॉक्टरताई: तेच तर. कोणी डागायचं, कोणी घोटे धरायचे, लगदा कधी लावायचा, सगळ्यांना आधीपासून माहीत. फेल्किनलाही तसंच वाटलं, की ही त्यांची जुनी चालत आलेली पद्धत आहे. त्यांना कोणी युरोपातून जाऊन शिकवलेलं नव्हतं काका, तो बिचारा तिथे नुसता बघ्या होता

बी-१०४ काका: बरं बरं. ती चित्रं टाका की इथे

ए-३०२ डॉक्टरताई: शाळेतली मुलं आहेत ग्रुपवर. तुम्हाला पर्सनलवर पाठवते, जेवायच्या आधी उघडू नका