अंक, संख्या, अक्षर, वर्ण, चिन्ह: सरावाच्या उदाहरणांत कुठे काय लिहावे?

प्रश्न

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी मी मराठीत सरावाची उदाहरणे लिहिते आहे. नेहमीचीच आहेत: संख्येतल्या अंकांची बेरीज करा, संख्या उलटी करा, शब्दातले स्वर मोजा, शब्द उलट वाचला तरी तोच राहतो का ते तपासा. सम, विषम, मूळ संख्या, भाजक, बाकी हे शब्द शाळेपासूनचे, त्यामुळे गणिताच्या बाजूला फारसे अडले नाही.

दोन ठिकाणी मात्र अडले. ‘डिजिट’ आणि ‘नंबर’ यांसाठी मी कधी अंक, कधी आकडा, कधी संख्या असे लिहून गेले. मसुदा वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “‘तीन अंक वाचून घ्या’ म्हणजे तीन संख्या, की एक तीन अंकी संख्या?” त्याची शंका रास्त होती. दुसरी अडचण ‘कॅरॅक्टर’ची, म्हणजे प्रोग्रॅम मजकुरातला जो एकेक घटक वेगळा धरतो त्याची. तिथे सगळीकडे ‘अक्षर’ लिहिले आणि ‘दिलेले अक्षर अंक आहे का ते तपासा’ असे वाक्य तयार झाले. अक्षर अंक कसे असेल? जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद

पहिल्या अडचणीचे उत्तर पाठ्यपुस्तकांतच आहे. अंक दहाच, ० ते ९. त्यांनी लिहिली जाते ती संख्या, आणि संख्यांना अंत नाही. ७ हा एकटा असला तर अंकही आहे आणि एक अंकी संख्याही. ‘तीन अंकी संख्या’ या प्रयोगात दोन्ही शब्द आपापल्या जागी नेमके बसतात.

गोंधळ होतो तो जोडशब्दांमुळे. पूर्णांक, अपूर्णांक, क्रमांक, अंकगणित यांतला ‘अंक’ संख्येच्याच अर्थाने आहे. ते शब्द रूढ आहेत, त्यांना हात लावू नये. पण सुटा ‘अंक’ लिहाल तेव्हा तो ० ते ९ पैकीच असेल असे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. ‘आकडा’ मी उदाहरणांतून काढून टाकेन. बोलण्यात तो गोड लागतो, पण ‘पाच आकडी पगार’ म्हणताना आकडा म्हणजे अंक आणि ‘उपस्थितांचा आकडा’ म्हणताना तोच शब्द संख्या होतो. नवशिक्यासमोर असा दुटप्पी शब्द ठेवू नये.

आणखी एक सुचवतो. शाळेत आपण ‘दर्शनी किंमत’ आणि ‘स्थानिक किंमत’ शिकलो. ३४५ मधल्या ४ ची दर्शनी किंमत ४, स्थानिक किंमत ४०. अंकांची बेरीज म्हणजे दर्शनी किमतींची बेरीज. १० ने भागून बाकी घेतली की एककाचा अंक हाती येतो, भागाकार पुढे न्यायचा, पुन्हा तेच. हे दोन शब्द वापरून सांगितले तर वेगळे समजवावे लागत नाही.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, आणि हा फरक केवळ शब्दांचा नाही हे दाखवणारे एक उदाहरण देते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे शाळामास्तर. १९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचा गुण सापडला. सगळे अंक एकच नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करत राहा. सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत, ६१७४ येतेच.

विद्यार्थ्यांना हे खूप आवडते, पण २१११ घेतले की पुष्कळांचा प्रोग्रॅम चुकतो. २१११ मधून १११२ वजा केले की ९९९ उरतात. संख्या म्हणून ते ९९९ च. पण पुढच्या पायरीला चार अंक हवेत, म्हणजे ०९९९. तो शून्य सोडला तर ९९९ वजा ९९९, उत्तर ०, आणि प्रोग्रॅम तिथेच अडकतो. शून्य राखला तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. संख्येला पुढचा शून्य दिसत नाही, अंकांच्या रांगेला दिसतो. म्हणून उदाहरणात ‘चार अंकी संख्या घ्या’ एवढेच न लिहिता ‘दर पायरीला चार अंक राखा’ असेही लिहावे. १२० उलटी केल्यावर २१ की ०२१, हाही तोच प्रश्न.

जाता जाता: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. १८ ही हर्षद संख्या, कारण १ + ८ = ९ आणि ९ ने १८ ला भाग जातो. इतके सुंदर नाव आपल्याकडे असताना ते उदाहरणात यायलाच हवे.

प्रतिसाद

‘कॅरॅक्टर’साठी ‘वर्ण’ घ्या. व्याकरणातला शब्द आहे, ‘अक्षर’पेक्षा काटेकोर आहे.

प्रतिसाद

‘वर्ण’ काटेकोर आहे हे खरे, पण त्याचा काटेकोरपणाच इथे आड येतो. ‘राम’ हा शब्द घ्या. अक्षरे दोन: रा, म. व्याकरणाने वर्ण चार: र्, आ, म्, अ. आणि युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, साठवताना तीन संकेतांक (तसे क्रमांक) लागतात: र, काना, म. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला या शब्दाची लांबी विचारली तर ३ येते. सी भाषेत युटीएफ-८ मधला (संकेतांक बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या छोट्या एककांत, मांडण्याच्या एका पद्धतीतला) हाच शब्द मोजला तर ९, कारण देवनागरीतल्या प्रत्येक संकेतांकाला तीन बाइट लागतात.

म्हणजे एका शब्दाच्या चार लांबी झाल्या, आणि ‘कॅरॅक्टर’ मोजतो ती ना अक्षरांची ना वर्णांची. ‘क’ हे एक अक्षर, त्यात वर्ण दोन, संकेतांक एक (२३२५). उलट पाय मोडलेला ‘क्’ हा वर्ण एक, पण संकेतांक दोन. ‘क्ष’ला तीन: क, हलन्त, ष. तिथे ‘वर्ण’ लिहिले तर मराठी व्याकरण शिकलेला विद्यार्थी अचूक विचार करूनही चुकीचे उत्तर देईल.

माझा कौल ‘चिन्ह’ला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही कोरलेली खूण असाच आहे. काना हे चिन्ह, अनुस्वार हे चिन्ह, स्वल्पविराम हे चिन्ह, १ हे चिन्ह, आणि रिकामी जागासुद्धा चिन्ह मानता येते. रिकाम्या जागेला अक्षर म्हणवत नाही.

‘वर्ण’ मात्र फेकू नका. ‘शब्दातले स्वर मोजा’ या उदाहरणात त्याची खरी गरज आहे. अ, आ, इ शोधणारा प्रोग्रॅम ‘राम’मध्ये शून्य स्वर सांगेल, कारण एक स्वर कान्याच्या रूपात आहे आणि दुसरा ‘म’च्या पोटात दडलेला आहे. रोमन लिपीसाठी रचलेले उदाहरण जसेच्या तसे मराठीत आणले की असे होते.

प्रतिसाद

‘चिन्ह’वर एक आक्षेप. अधिक-उण्याच्या खुणेलाही आपण चिन्हच म्हणतो. ‘संख्येचे चिन्ह बदला’ आणि ‘शब्दातले चिन्ह बदला’ ही उदाहरणे एका पानावर आली तर?

प्रतिसाद

आक्षेप योग्य आहे. संख्येच्या बाबतीत ‘धन असल्यास ऋण करा’ असे सरळ लिहावे, म्हणजे ‘चिन्ह’ मोकळे राहते.

अंकांसाठी ‘अंकचिन्ह’ असा जोडशब्दही करता येईल, आणि तो लागतोच. पाच ही संख्या वेगळी, पाच लिहिण्याचे चिन्ह वेगळे. ॲस्कीत, म्हणजे रोमन अक्षरे आणि अंकचिन्हे यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, शून्याच्या चिन्हाचा संकेतांक ४८ आणि पाचाच्या चिन्हाचा ५३. म्हणून पाचाच्या चिन्हाच्या संकेतांकातून शून्याच्या चिन्हाचा संकेतांक वजा केला की पाच ही संख्या मिळते. कॅपिटल ए ६५, स्मॉल ए ९७, मधले अंतर ३२. सुरुवातीची निम्मी उदाहरणे या दोन वजाबाक्यांवर उभी आहेत.

देवनागरी अंकचिन्हांची रांग वेगळी आहे, ती २४०६ पासून सुरू होते. देवनागरी १ चा संकेतांक २४०७. त्यातून ४८ वजा करणाऱ्याला २३५९ मिळतील आणि तो चक्रावून जाईल, २४०६ वजा केले तर १. पायथन मात्र ‘१२३’ हे देवनागरी अंकही थेट संख्येत बदलून देतो. हे मी पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा फार आनंद झाला होता.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ‘दिलेले चिन्ह अंकचिन्ह आहे का ते तपासा’ असे वाक्य केले, आता ते खटकत नाही. ‘तीन अंक वाचून घ्या’चे ‘तीन संख्या वाचून घ्या’ झाले. ‘स्ट्रिंग’, म्हणजे चिन्हांची रांग, तशीच ठेवते, ‘चिन्हमाला’ लिहून पाहिले पण वाचणारे थबकले.

‘अक्षर’ आणि ‘चिन्ह’ वेगळे केल्यावर एक जुनी चूकही सापडली. उलटसुलट सारख्या शब्दांत मी ‘नवजीवन’ दिला होता. अक्षरे पाहिली तर न, व, जी, व, न, दोन्हीकडून तेच. प्रोग्रॅम मात्र ‘नाही’ म्हणत होता आणि मी दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत होते. तो चिन्हे उलटवत होता, त्यामुळे वेलांटी ‘ज’ला सोडून ‘व’ला जाऊन बसायची आणि ‘नवीजवन’ तयार व्हायचे. आता पहिल्या उदाहरणात कडक, सरस, नमन हे काना-मात्रा नसलेले शब्द घेतले आहेत. ‘नवजीवन’ आणि ‘रामाला भाला मारा’ पुढच्या धड्यात जातील, उदाहरणाचे वाक्य असे: ‘चिन्हे न उलटवता अक्षरे उलटवा.’ त्यासाठी आधी चिन्हे जोडून अक्षरे करावी लागतील, म्हणून तो धडा बराच मोठा होणार आहे.