सायक्लोक्रॉस आणि रोजचं जाणं-येणं एकाच सायकलवर: पुढे चेनरिंग एक की दोन?

चिखलवाट
सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-गवतातल्या, शर्यतीला आणि कामावर जायला ज्यांच्याकडे एकच सायकल आहे, त्यांना हमखास एक सल्ला मिळतो: पुढे पेडलजवळ ४६ आणि ३६ दात्यांच्या दोन चकत्या (चेनरिंग), मागे चाकावर ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांचा संच (कॅसेट), दोन्हीकडचं भागतं. मला तो पटत नाही. पुढे ४० ची एकच चेनरिंग आणि मागे ११-३६ कॅसेट घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशोब करून बघा. ४६-११ (पुढे ४६, मागे ११ दाते) या सगळ्यात जड गिअरपासून ३६-२८ या सगळ्यात हलक्यापर्यंतचा पल्ला साधारण सव्वातीन पट. ११-३६ चा पल्लाही तेवढाच. मग पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), त्याची केबल आणि जास्तीची चेनरिंग कशासाठी वागवायची? चिखल आणि गवत सगळ्यात आधी तिथेच अडकतं. शिवाय सिंगल चेनरिंगचे दाते आलटून-पालटून जाड-बारीक असतात आणि मागच्या डिरेलरला चेन ताणून धरणारा क्लच असतो, त्यामुळे सायकल खांद्यावरून खाली आपटली तरी चेन सहसा जागची हलत नाही. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅमने २०१४ मध्ये फोर्स सीएक्स१ हा एकाच चेनरिंगचा संच आणला तो याच गरजेतून.

दोनचकती
सहमत नाही. पल्ला सारखा आहे हे खरं, पण तो दोन टोकांचा हिशोब झाला. रोज कामावर जाताना टोकाच्या गिअरवर कोण असतं? आपण असतो मधल्या चार-पाच गिअरमध्ये, आणि सिंगलमध्ये तिथेच फटी आहेत.

अकरा स्पीडच्या, म्हणजे अकरा चकत्यांच्या, ११-३६ मध्ये साधारणपणे १७, १९, २२, २५ असे टप्पे येतात. ११-२८ मध्ये १७, १९, २१, २३, २५. समोरून वारा आहे, १९ वर मिनिटाला ९० पेडल चालू आहेत आणि जरा हलका गिअर हवा आहे. २१ वर गेलात तर त्याच वेगाला साधारण १०० पेडल होतात, २२ वर थेट १०४. शर्यतीत वेग सारखा खालीवर होतो, तिथे हे जाणवत नाही. पण सपाट रस्त्यावर एका लयीत जाताना दर वेळी एक गिअर जड आणि दुसरा हलका, हे पायांना फार त्रासदायक होतं.

आणि चिखलाचं म्हणाल तर अव्वल दर्जाचे खेळाडू वर्षानुवर्षं दोन चेनरिंगवर शर्यती जिंकत आले आहेत.

चिखलवाट
जिंकत आले आहेत, मान्य. पण त्यांच्यासाठी पिटमध्ये (मार्गालगतच्या सायकल बदलायच्या जागी) धुतलेली दुसरी सायकल तयार असते आणि एका फेरीत दोनदा ती बदलता येते. आपण त्याच सायकलवर शर्यत संपवतो आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरूनच कामावर जातो. त्यांची उदाहरणं इथे लावणं मला बरोबर वाटत नाही.

फटींचा मुद्दा मात्र रास्त आहे. माझा रस्ता चढ-उतारांचा आहे, म्हणून मला त्या खुपत नाहीत.

आठवडाभर
तुम्ही दोघंही शर्यतीपासून सुरुवात करताय. माझ्या मते हलका गिअर कामाच्या रस्त्याकडे बघून ठरवायचा. शर्यतीत चढ फारच उभा आला की उतरून सायकल खांद्यावर घेता येते, आणि त्या वेगाला पळणारा पेडल मारणाऱ्याच्या मागे पडत नाही. कामावर जाताना पाठीवर लॅपटॉप, डबा, कपडे. तिथे उतरून पळणार का? मिनिटाला ६० पेडलने ३६-२८ वर ताशी जवळपास १० किलोमीटर वेग पडतो, ४०-३६ वर साडेआठ. सामान घेऊन चढताना हा फरक गुडघ्यांना कळतो.

वरच्या टोकाची काळजी सोडा. ३३ मिमी टायरवर ४०-११ ला ९० पेडलने ताशी ४२ होतात, ४६-११ ला ४८. रहदारीत यातलं काय वापरणार आहात?

दोनचकती
रहदारीत नाही, पण माझा अर्धा रस्ता मोकळा आणि किंचित उताराचा आहे. तिथे ११ वर सतत राहिलं की पेडल नुसते गरगरतात, आणि सगळ्यात लहान चकती झिजतेही लवकर. ४६ असेल तर जवळपास तोच वेग १३ वर मिळतो. हलका गिअर हवा असेल तर ३६ सोबत ११-३२ लावता येते, मागचा डिरेलर ३२ घेत असेल तर. तुमच्या ४०-३६ च्या अगदी जवळ जातो आणि पुढे ४६ हाताशी राहतो.

चेन_ब्रश
चाकांचे दोन जोड, एकावर ११-२८ आणि दुसऱ्यावर ११-३६, असा मधला मार्ग इथे कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. चेन आणि कॅसेट एकमेकांसोबत झिजतात. आठवडाभर एका कॅसेटवर ताणली गेलेली चेन शर्यतीच्या कोऱ्या कॅसेटवर नीट बसत नाही आणि तिचे दाते लवकर झिजवते. तसं करायचंच असेल तर चेन वेळेवर बदला.

माझं मत सिंगलला, पण ३८ किंवा ४२ ची जादा चेनरिंग जवळ ठेवून. चिखलाच्या शर्यतीआधी ती बदलायला चार-पाच बोल्ट आणि थोडा वेळ लागतो. दोन दात्यांच्या फरकाला चेनची लांबी सहसा पुरते.

दोनचकती
म्हणजे शेवटी चेनरिंग दोनच झाल्या! एक क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर), एक कपाटात. मी दोन्ही क्रँकवर ठेवतो आणि चालत्या सायकलवर बदलतो. समोरून वारा असलेल्या रस्त्यावर दोन्ही चालवून बघा, मग बोलू.